न थांबणारे शीतयंत्र

अवकाश अतिशय थंड आहे, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असेही नाही. परंतु ज्या यानाची एक बाजू सूर्य अखंड भाजीत असतो, ज्याच्याकडे खालून पृथ्वी आपल्या अंगची ऊब सतत पाठवीत असते आणि ज्याच्या पोटातील विद्युत्-उपकरणे अहोरात्र तापलेली असतात, त्या यानावर बसविलेला एखादा नाजूक शोधक उणे दोनशे अंशांच्या आसपास वर्षानुवर्षे राखणे, हे काम पृथ्वीवरील सुसज्ज प्रयोगशाळेतील अशाच कामापेक्षा कितीतरी अवघड असते. तेथे वारा नाही, नदी-तलाव नाहीत. यानात साठलेली सारी उष्णता अखेरीस एखाद्या काळ्या पत्र्यावरून प्रारणाच्या रूपाने अवकाशात सोडून द्यावी, एवढा एकच मार्ग मोकळा राहतो.

शोधक इतका थंड ठेवण्याचे प्रयोजन काय, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या घरातील भिंत, टेबल, आपले स्वतःचे शरीर, अशी साधारण तापमानाची प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकीत असते, आणि त्यांतील सर्वांत प्रखर किरणांची तरंगलांबी सुमारे १० मायक्रॉन असते. नेमक्या याच पट्ट्यातील किरण दूरच्या धूलिमेघांतून, नव्याने घडत असलेल्या ताऱ्यांतून आणि आपल्या पृथ्वीच्या वातावरणातून टिपावयाचे असल्यामुळे, शोधक व त्याच्या भोवतीची उपकरणे उबदार राहिली तर त्यांचेच किरण मूळ संदेशाला बुडवून टाकतात. शिवाय शोधकाच्या स्फटिकातील इलेक्ट्रॉन केवळ उष्णतेच्या खळबळीने सुटे होऊन, प्रकाश पडलेला नसतानाही प्रवाह वाहत असल्याचा खोटा दाखला देऊ लागतात. म्हणून काही शोधकांना ८० केल्विन, म्हणजे उणे १९३ अंश सेल्सिअस, काहींना ६ केल्विन, आणि क्ष-किरण मोजणाऱ्या काही उपकरणांना तर केवलशून्याच्या वर अंशाच्या विसाव्या भागाइतकेच तापमान लागते.

अवकाशयुगाच्या आरंभीच्या दशकांत या गरजेवर जी तजवीज करण्यात आली ती साधी होती: थंडी बरोबर बांधून न्यावयाची. द्रवरूप हेलियमची टाकी यानावर चढवावी, हेलियम सावकाश उकळू द्यावे आणि त्याच्या उकळण्याने शोधक थंड राहावा. अमेरिका, नेदरलंड व ब्रिटन यांनी मिळून जानेवारी १९८३ मध्ये सोडलेली ‘आयरास’ ही दुर्बीण अशीच होती, आणि तिने सारे आकाश अवरक्त किरणांत प्रथमच पाहून घेतले खरे. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात हेलियम संपले आणि दहा महिन्यांत तिचे कार्य आटोपले. युरोपची ‘आयसो’ १९९५ च्या नोव्हेंबरात गेली, तिची टाकी १९९८ च्या एप्रिलात रिकामी झाली. २००९ मध्ये गेलेल्या ‘हर्शेल’ने दोन हजार तीनशे लिटरांहून अधिक हेलियम बरोबर नेले होते, आणि तरीही एप्रिल २०१३ मध्ये, तिचे आरसे व तिची यंत्रे शाबूत असताना, केवळ टाकी कोरडी पडल्यामुळे तिला निवृत्त व्हावे लागले. यानाचे आयुष्य त्याच्या बुद्धीने वा सामर्थ्याने ठरू नये, तर बरोबर नेलेल्या शिदोरीने ठरावे, ही गोष्ट या क्षेत्रातील मंडळींना फार काळ सलत होती, आणि ते रास्तच होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादेहून महाकाय बलूनांच्या साहाय्याने वर चढविलेल्या शंभर सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीचे शोधक ०.३ केल्विनपर्यंत थंड केलेले असत. पण बलूनाचे उड्डाण काही तासांचे असते, आणि तासांच्या हिशेबाला टाकी पुरते. वर्षांच्या हिशेबाला ती पुरत नाही.

यावर उपाय म्हणजे थंडी जागच्या जागी निर्माण करणारे यंत्र. त्याला इंग्रजीच्या संसर्गाने आपणही क्रायोकूलर म्हणतो. त्याचे मूळ फार जुने आहे. स्कॉटलंडातील रॉबर्ट स्टर्लिंग या धर्मोपदेशकाने १८१६ साली एका उष्ण-वायु-एंजिनाचे पेटंट घेतले, आणि तेच चक्र उलट फिरविले असता ते उष्णता एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकते, या तत्त्वावर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेने व्यवहारोपयोगी शीतयंत्रे घडविली. बंद पात्रात हेलियम वायू कोंडलेला असतो. एक दट्ट्या तो दाबतो, दाबल्याने आलेली उष्णता बाहेर काढून टाकली जाते. मग तो वायू पोलादाच्या अतिसूक्ष्म जाळ्यांच्या थप्पीतून थंड टोकाकडे ढकलला जातो, तेथे प्रसरण पावताना शोधकाची उष्णता पितो, आणि परतीच्या वाटेवर त्याच जाळ्यांत ठेवून दिलेली ऊब पुन्हा उचलून मूळ जागी येतो. हे आवर्तन सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा घडते. ८० केल्विनवरील एक वॅट उष्णता उचलून ३०० केल्विनवर टाकण्यास निसर्गनियमाप्रमाणेच किमान पावणेतीन वॅट शक्ती खर्ची पडते, आणि ६ केल्विनवरून उचलावयाची झाल्यास किमान एकोणपन्नास. प्रत्यक्ष यंत्राला याच्या कितीतरी पट मोबदला द्यावा लागतो. यानाच्या सौरपत्रांतून मिळणाऱ्या मोजक्या विजेच्या दृष्टीने हा जमाखर्च क्षुल्लक नव्हे.

परंतु विजेपेक्षा मोठा प्रश्न आयुष्याचा होता. घरातील रेफ्रिजरेटर वीस वर्षे बिनतक्रार चालतो, मग हे का चालू नये, असे वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण रेफ्रिजरेटरच्या दट्ट्याला तेलाचे स्नान अखंड घडत असते, आणि शीतयंत्रात तेलाचा एक थेंबही चालत नाही, कारण ते थंड टोकाला जाऊन गोठेल आणि जाळ्यांची छिद्रे बुजवील. तेलावाचून दट्ट्या सिलिंडरला घासू लागला की झिजेची भुकटी पडते, फट वाढते, वायू दट्ट्याला वळसा घालून पळतो आणि यंत्र थंडी देईनासे होते. रणगाड्यांवरील व विमानांवरील अवरक्त दुर्बिणींसाठी सैन्यदले जी घासणाऱ्या जातीची यंत्रे वापरीत, त्यांचे आयुष्य काही हजार तासांचेच असे. दहा वर्षांचे तास सत्त्याऐंशी हजार सहाशे होतात.

या अडचणीतून वाट काढण्याचे श्रेय प्रामुख्याने ऑक्सफर्ड विद्यापीठातील गॉर्डन डेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. फिलिप्सने अमेरिकेच्या गोडार्ड केंद्रासाठी दट्ट्या चुंबकीय शक्तीने अधांतरी तोलणारे यंत्र करून दाखविले होते, पण ते बोजड व गुंतागुंतीचे होते. ऑक्सफर्डच्या मंडळींनी निराळा विचार केला. दट्ट्याच्या दांड्याला दोन्ही टोकांशी पोलादी पातळ चकत्यांची स्प्रिंग लावावयाची, त्या चकत्यांत सर्पिल खाचा अशा बेताने कापावयाच्या की दांडा मागे-पुढे सहज हलावा पण बाजूला केसभरही सरकू नये, आणि मग दट्ट्या व सिलिंडर यांच्यामध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी फट ठेवून ती फट हीच वायूला अडविणारी सीमा मानावयाची. स्पर्श नाही, म्हणून झीज नाही. झीज नाही, म्हणून तेलाची गरज नाही. या घराण्यातील यंत्र ब्रिटनच्या रदरफोर्ड ॲपलटन प्रयोगशाळेने समुद्रपृष्ठाचे तापमान मोजणाऱ्या उपकरणात बसविले, आणि ते जुलै १९९१ मध्ये युरोपच्या ‘ईआरएस-१’ या उपग्रहावरून अवकाशात गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात वरच्या वातावरणाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी उपग्रहावरील ऑक्सफर्डच्या उपकरणातही त्याची भावंडे गेली. पुढे स्टर्लिंगच्याच घराण्यातून ‘पल्स ट्यूब’ नावाची एक शाखा निघाली, जिच्यात थंड टोकाशी हलणारा भाग मुळीच नसतो, केवळ वायूच्या लाटेची वेळ साधून थंडी उत्पन्न होते. पवईच्या आयआयटीमध्ये या दोन्ही जातींच्या शीतयंत्रांवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे, आणि तेथील प्रा. मिलिंद अत्रे यांची अतिशीत-अभियांत्रिकीवरील व्याख्यानमाला देशभरातील विद्यार्थ्यांना इंटरनेटवर खुली आहे. या विषयात उतरू इच्छिणाऱ्या तरुणांनी ती अवश्य ऐकावी.

झीज टळली, एवढ्यावरून यंत्र दहा वर्षे चालेल असे सिद्ध झाले काय? माझ्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत मननीय भाग येथेच सुरू होतो. यंत्र अवकाशात गेल्यावर त्याला हात लावणारा कोणी नसतो, म्हणून त्याच्या आयुष्याची हमी ते निघण्यापूर्वीच द्यावी लागते. आणि हमी देण्याचा सरळ मार्ग म्हणजे ते दहा वर्षे चालवून पाहणे. परंतु दहा वर्षे चाललेले यंत्र दहा वर्षांनी जुने झालेले असते, ज्या मोहिमेसाठी ते घडविले तिची वेळ टळून गेलेली असते, आणि शिवाय एकच यंत्र चालले म्हणून त्याच्या साच्यातील दुसरे चालेलच असे म्हणता येत नाही. संख्याशास्त्राचा हिशेब या बाबतीत निष्ठुर आहे. शंभरांपैकी पंचाण्णव यंत्रे पूर्ण मुदत टिकतील, एवढे नव्वद टक्के खात्रीने म्हणावयाचे असेल, तर पंचेचाळीस यंत्रे पूर्ण मुदतभर चालवून त्यांतील एकही बिघडता कामा नये. एकेका यंत्राची किंमत आणि ते घडविण्यास लागणारा काळ पाहता पंचेचाळीस यंत्रे परीक्षेला बसविण्याची मुभा जगातील कोणत्याही संस्थेला नाही. बहुधा दोन किंवा तीनच हाती असतात.

तेव्हा या क्षेत्रातील जाणत्या लोकांनी प्रश्नाचे स्वरूपच बदलले. यंत्र किती वर्षे जगेल, असे विचारण्याऐवजी ते कोणकोणत्या कारणांनी मरू शकेल, हे त्यांनी विचारले; आणि प्रत्येक कारण स्वतंत्रपणे पकडून त्याची रुजवात घेण्यास आरंभ केला. अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत रोनाल्ड रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे एकाच शिस्तीने तपासून त्यांचे गुणदोष नोंदण्याचा जो उपक्रम चालविला, त्यामुळे पुष्कळशी अटकळ ज्ञानात रूपांतरित झाली. माझ्या समजुतीप्रमाणे दीर्घायुषी शीतयंत्राचा शोध जितका ऑक्सफर्डच्या स्प्रिंगमध्ये आहे तितकाच या दप्तरांत आहे, आणि या दुसऱ्या कामाची वाखाणणी मात्र फारशी कोणी केलेली नाही.

स्प्रिंगचेच उदाहरण घेऊ. दहा वर्षांत साडेएकतीस कोटी सेकंद असतात, आणि सेकंदाला चाळीस आवर्तने धरली तर ती चकती बाराशे साठ कोटी वेळा वाकावयाची असते. ही संख्या ऐकून छाती दडपते. पण पोलादाचा स्वभाव असा की, वारंवार वाकविल्याने त्याला तडा जावयाचा असला तर तो बहुधा पहिल्या एक कोटी आवर्तनांच्या आतच जातो, आणि ताण एका विशिष्ट मर्यादेखाली राखला तर पुढे तो जवळजवळ अनंत काळ टिकतो. दहा कोटी आवर्तने पुरी करण्यास सेकंदाला चाळीस या वेगाने एकोणतीस दिवस लागतात. म्हणजे महिन्याभराच्या परीक्षेत, आणि तीही प्रत्यक्षात पडणाऱ्या ताणापेक्षा अधिक ताण देऊन, चकतीच्या दशकाचा निर्णय बऱ्याच अंशी लागतो. आणि चकत्या स्वस्त असल्यामुळे त्या दोन-तीन नव्हे, पुष्कळ घेऊन तपासता येतात. येथे काळ आटोपशीर करता आला, कारण मरणाचे कारण आवर्तनांच्या संख्येशी बांधलेले होते.

दुसरे कारण इतके सोयीचे नाही. यंत्राच्या पोटात तांब्याच्या तारांचे वेटोळे असते, त्यावर राळेचा लेप असतो, सांध्यांत चिकटद्रव्ये असतात. आणि हे सेंद्रिय पदार्थ आपल्या अंगात मुरलेली पाण्याची वाफ व इतर वायू महिनोन्‌महिने हळूहळू सोडीत राहतात. हे कण वाहत वाहत थंड टोकाला पोहोचले की तेथे बर्फ होऊन बसतात. प्रथम फरक जाणवत नाही. मग तेवढीच थंडी मिळविण्यास किंचित अधिक वीज लागू लागते. आणि अखेरीस यंत्र निरोगी असूनही कुचकामी ठरते. म्हणून हेलियम भरण्यापूर्वी यंत्राचे भाग आठवडेच्या आठवडे निर्वातात भाजून काढतात, मध्येच शुद्ध हेलियमने धुतात, पुन्हा भाजतात, आणि बाहेर येणाऱ्या वायूचा नमुना वस्तुमान-वर्णपटमापकाखाली घालून त्यात पाण्याचा अंश किती उरला याची पडताळणी करतात. या कामात हयगय केली तर तिची शिक्षा दोन-तीन वर्षांनी, म्हणजे यंत्र हाताबाहेर गेल्यावर मिळते. या परीक्षेला वेग द्यावयाचा तर यंत्राचे शरीर नेहमीपेक्षा गरम ठेवावे लागते, म्हणजे वायू लवकर सुटतील. पण किती गरम केल्याने किती वर्षे वाचली, हे ठरविण्यास त्या पदार्थाचा स्वभाव आधी ठाऊक असावा लागतो. वेग वाढवून काळ जिंकता येतो, ही समजूत अर्धवट खरी आहे. दट्ट्या अधिक वेगाने चालविला म्हणून राळेतील पाणी लवकर बाहेर पडत नाही. उलट अतिवेगाने एखादा भाग अशा रीतीने तुटू शकतो की जसा तो अवकाशात कधीच तुटला नसता, आणि मग त्या तुटण्यातून भलताच धडा घेतला जातो.

हेलियमच्या गळतीचा प्रश्न तुलनेने सुटसुटीत आहे. समजा, दर सेकंदाला एक घन सेंटिमीटरचा एक कोटीवा भाग इतकाच वायू बाहेर पडतो. तर दहा वर्षांत सुमारे साडेएकतीस घन सेंटिमीटर वायू जाईल, आणि कित्येक वातावरणांच्या दाबाने भरलेल्या यंत्राला एवढी हानी सोसते. इतकी सूक्ष्म गळती काही तासांत पकडणारी साधने उपलब्ध आहेत, म्हणून जेथे दहा वर्षांचे भवितव्य एका दिवसात वाचता येते असे हे एक दुर्मीळ ठिकाण होय. मात्र ज्या सांध्यांत रबराची कडी असेल ते टाळून सर्व जोड वितळवून सांधणे त्यासाठी आवश्यक ठरते.

मग येतो अग्निबाणाचा धक्का. उड्डाणाच्या पहिल्या काही मिनिटांत यंत्राला जेवढे हादरे बसतात, तेवढे पुढच्या दहा वर्षांत मिळूनही बसत नाहीत, आणि ती शंभराव्या भागाची फट त्या मिनिटांत बिघडली तर सर्व शुद्धता व सर्व स्प्रिंगा व्यर्थ होतात. कित्येक यंत्रांत यासाठी वेगळी खिट्टी नसते. दट्ट्याच्या चालक-वेटोळ्याची दोन टोके एकमेकांना जोडून ठेवली की, हलू पाहणाऱ्या दट्ट्याने उत्पन्न केलेला प्रवाहच त्याला आवरतो. यंत्र हादऱ्याच्या मेजावर चढवून तिन्ही दिशांनी हलवितात, आणि हलविण्यापूर्वी व नंतर त्याच्या कामगिरीची मापे ताडून पाहतात. ही परीक्षा स्वतःच किती जोखमीची असते, हे सूर्यावरील स्फोटांचा अभ्यास करण्यासाठी घडविलेल्या ‘रेसी’ यानाच्या इतिहासावरून दिसते: मार्च २००० मध्ये, उड्डाणाआधीच्या तपासणीत, हादरे देणाऱ्या यंत्रणेतील दोषामुळे त्या संपूर्ण यानाला ठरविल्याच्या सुमारे दहापट धक्का बसला, त्याच्या सांगाड्याची व सौरपत्रांची हानी झाली, आणि दुरुस्तीत बराच काळ गेला. परीक्षकाची साधने परीक्षार्थीइतक्याच काळजीने तपासलेली असली पाहिजेत, हा नियम तेव्हापासून अधिक कसोशीने पाळला जातो, असे मानावयास हरकत नाही.

यंत्र स्वतः हादरते, हा याच नाण्याचा दुसरा भाग. सेकंदाला चाळीस वेळा मागे-पुढे होणारा दट्ट्या दुर्बिणीला कंप देईल तर चित्र अस्पष्ट येईल. म्हणून दोन दट्ट्ये समोरासमोर बसवून एकाचा धक्का दुसऱ्याने फेडावयाचा, आणि जे काही उरेल ते सहा अंगांनी बल मोजणाऱ्या तक्त्यावर मोजून, विजेच्या लहरीचा आकार किंचित बदलून नाहीसे करावयाचे, अशी पद्धत आहे. पृथ्वीवरील परीक्षेत आणखी एक फसवणूक संभवते. पल्स ट्यूबमध्ये थंड टोक वर व ऊबदार टोक खाली ठेवले, तर नळीतील जड थंड वायू खाली घसरू लागतो, उष्णता नको तेथे वाहते, आणि यंत्र वाईट असल्याचा भास होतो. अवकाशात वजनच नसल्यामुळे हा दोष तेथे नसतो. म्हणून यंत्र कोणत्या अंगाने ठेवून मापे घेतली, ही नोंद नसलेला अहवाल विश्वासार्ह धरू नये.

या सर्व तुकड्या-तुकड्यांच्या परीक्षांनंतरही दीर्घकाळ चालविण्याची परीक्षा सोडून दिलेली नाही. अमेरिकेच्या वायुदलाच्या न्यू मेक्सिकोतील कर्टलंड येथील प्रयोगशाळेत आणि इतरत्र निर्वात कक्षांत यंत्रे वर्षानुवर्षे चालत ठेवली गेली. थंड टोकाला एक लहानसा विद्युत्-तापक लावून त्याला ठरावीक वॅट उष्णता द्यावयाची, तापमान नोंदावयाचे, वीज नोंदावयाची, आणि पहिल्या दिवशी काढलेल्या आलेखावर आजचा आलेख ठेवून तो किती ढळला हे पाहावयाचे. या ढळण्यातच निदान असते. सर्वच भारांवर कामगिरी एकदम घटली तर वायू कमी झाला असावा. थंड होण्याची गती मंदावून वीज वाढली पण गरम करून पुन्हा थंड केल्यावर पूर्वस्थिती आली, तर बर्फ साठला होता. घर्षणाचा अंश दिसू लागला तर दट्ट्या कोठेतरी टेकला. दीर्घ परीक्षेचे खरे मोल, तिने अमुक तास पुरे केले यात नाही. ज्या कारणाचा आधी कोणी विचारच केला नव्हता असे एखादे कारण तिच्यात उघडकीस येते, यात आहे.

असे एक कारण अवकाशातच भेटले. मे २००२ मध्ये गेलेल्या ‘ॲक्वा’ उपग्रहावर वातावरणातील तापमान व बाष्प मोजणारे ‘एअर्स’ नावाचे उपकरण आहे, आणि त्याचे शोधक ५८ केल्विनवर ठेवण्यासाठी दोन पल्स ट्यूब यंत्रे नेली होती: एक कामावर, दुसरे राखीव. पण यानातून सुटलेली पाण्याची वाफ थंड भागांच्या बाह्य पृष्ठावर गोठू लागली, त्या बर्फाने पृष्ठाची चकाकी घालविली, चकाकी गेल्याने उष्णता अधिक शोषली जाऊ लागली, आणि यंत्रावरील भार काही महिन्यांतच वाढला. यंत्रात कोणताही बिघाड नव्हता. त्याच्या शेजाऱ्यांनी त्याचे ओझे वाढविले होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरापासून राखीव यंत्रही कामाला लावून दोघांनी भार वाटून घेण्याची व्यवस्था करण्यात आली. पाच वर्षांच्या अपेक्षेने गेलेले ते उपकरण दोन दशकांनंतरही कामावर होते, आणि त्याची मापे जगभरच्या हवामानाच्या अंदाजांत वापरली गेली.

हबल दुर्बिणीवरील ‘निकमॉस’ या अवरक्त कॅमेऱ्याची हकिगत याहून नाट्यमय आहे. १९९७ मध्ये तो घन नायट्रोजनाच्या साठ्यासह बसविला. बर्फ फुगून आतील भाग एकमेकांना टेकले, उष्णतेला आडवाट मिळाली, आणि काही वर्षे पुरावयाचा साठा जानेवारी १९९९ मध्येच संपला. तेव्हा मिनिटाला सुमारे चार लाख फेरे घेणाऱ्या चिमुकल्या टर्बाइनांचे शीतयंत्र तयार करण्यात आले होते. त्याची वजनरहित अवस्थेतील परीक्षा आधीच, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९९८ च्या शटल-उड्डाणात, म्हणजे ज्यात वयोवृद्ध जॉन ग्लेन गेले होते त्याच उड्डाणात, उरकून घेतली होती. मार्च २००२ मध्ये अंतराळवीरांनी ते हबलला जोडले, आणि तीन वर्षे आंधळा असलेला कॅमेरा पुन्हा पाहू लागला.

जेम्स वेब दुर्बिणीची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. तिच्यावरील ‘मिरी’ या उपकरणाला ७ केल्विनांहून कमी तापमान लागते. आरंभी घन हायड्रोजनाचा साठा नेण्याचा बेत होता. २००५ साली वजनाच्या कारणास्तव तो सोडून यांत्रिक शीतयंत्राचा निर्णय झाला. दाब देणारा भाग यानाच्या उबदार अंगात, तेथून हेलियमच्या नळ्या सुमारे दहा मीटर वर चढून थंड अंगात, असा त्याचा विस्तार असल्यामुळे पूर्ण यंत्र जसे उडणार तसे जोडून पाहणे हीच एक मोठी कामगिरी होती. सर्वांत कठीण टप्पा १५ केल्विनांच्या आसपासचा, कारण तेथे यंत्राची उष्णता उचलण्याची शक्ती अगदी तुटपुंजी असते आणि बाहेरून येणारा भार तिच्यावर मात करील की काय अशी स्थिती येते. एप्रिल २०२२ मध्ये तो टप्पा ओलांडून उपकरण ६.४ केल्विनला स्थिरावले.

आता एक निराळा प्रवाह सुरू झाला आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. पूर्ण परीक्षित शीतयंत्र फार महाग पडते, तर बाजारात मिळणारी, मूळ इतर कामांसाठी घडविलेली यंत्रे त्याच्या अल्पांश किमतीत येतात. बुध ग्रहाभोवती फिरणाऱ्या ‘मेसेंजर’वरील गॅमा-किरण उपकरणाला असेच एक लहान यंत्र होते, आणि ते २०१२ मध्ये थांबले तेव्हा त्या उपकरणाचा मुख्य शोधकही थांबला, पण तोवर अपेक्षित काम झालेले होते. ज्या ‘रेसी’चा उल्लेख वर आला, त्याचे जर्मेनियमचे नऊ स्फटिक ७५ केल्विनवर ठेवण्याचे काम अशाच एका बाजारी स्टर्लिंग यंत्राकडे सोपविले होते, फेब्रुवारी २००२ पासून ते चालले, वर्षांमागून वर्षे त्याचे तापमान हळूहळू चढत गेले, किरणांनी स्फटिकांना झालेली इजा भरून काढण्यासाठी त्यांना अनेकदा मुद्दाम तापवून पुन्हा थंड करावे लागले, तरी २०१८ मध्ये मोहीम संपली ती संपर्काच्या बिघाडाने, शीतयंत्राच्या नव्हे.

या एका यशावरून परीक्षा कमी कराव्यात असा निष्कर्ष काही उत्साही मंडळी काढतात, तो मला मान्य नाही. जी यंत्रे लवकर बंद पडली त्यांची नावे कोणी अभिमानाने सांगत नाही. पण दोन-तीन वर्षांच्या मुदतीने जाणाऱ्या लहान उपग्रहांना दशकाची परीक्षा परवडणार नाही, हेही तितकेच खरे. अशा वेळी काय सोडावे आणि काय सोडू नये, याचा विवेक कारणांच्या यादीवरूनच करता येतो. वर्षभराची सलग चाल आटोपशीर केली तर एखादे अज्ञात कारण दृष्टीआड राहण्याची जोखीम आहे, पण छोट्या मोहिमेला ती पत्करता येते. भाजणी, धुणी आणि वायूच्या नमुन्याची तपासणी मात्र एका दिवसानेही कमी करू नये, कारण दूषित वायूचा बर्फ दोन वर्षांच्या आतच जमतो. गळतीची मोजणी तर एका दिवसाचीच असते, ती टाळण्यात बचत काहीच नाही. आणि हादऱ्याच्या मेजावरून उतरविल्यानंतर यंत्र पुन्हा निर्वात कक्षात थंड करून पहिल्या दिवसाचा आलेख पुन्हा काढल्याखेरीज ते उपग्रहाला जोडण्याची परवानगी देऊ नये.